चार पोस्टकार्डांएवढी जमीन

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

ऑगस्ट २०१७ मध्ये जपानमधल्या हिरोशिमाच्या माझदा कंपनीने एक घोषणा केली. कंपनीने १९८९ साली एक लहानशी, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार बाजारात आणली होती. तिचं नाव एमएक्स-५, आणि अमेरिकेत ती मियाटा या नावाने ओळखली जाते. त्या पहिल्या पिढीच्या गाड्या आता आम्ही कारखान्यात घेऊन नव्यासारख्या करून देऊ, असं कंपनीने जाहीर केलं. त्यासाठी बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. कापडी टप आला, लाकडी स्टिअरिंग आलं. आणि या यादीत आणखी एक वस्तू होती, ती म्हणजे टायर! ब्रिजस्टोन कंपनीने १९८९ सालचा एसएफ-३२५ हा टायर त्याच मापात, त्याच नक्षीत पुन्हा बनवला.

आपल्याला याचं नवल वाटेल. टप किंवा स्टिअरिंग मिळत नसेल तर बनवावं लागेल, हे समजण्यासारखं आहे. पण टायर? टायर तर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. मग एवढा खटाटोप कशासाठी?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल. जुनी स्पोर्ट्स कार बाळगणारा माणूस धनाढ्यच असतो, असा आपला एक समज आहे. फेरारीबद्दल तो खराही आहे. पण इंग्लंडमध्ये एमजीबी, अमेरिकेत आणि जपानमध्ये मियाटा या गाड्या मध्यमवर्गीयाच्या गाड्या आहेत. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक बनली. एमएक्स-५ चा आकडा २०१६ साली दहा लाखांवर गेला. जुनी, दुसऱ्या-तिसऱ्या हाताची गाडी घ्यायची, रविवारी धुवायची, पुसायची आणि मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून आणायची, असा हा शौक. अशा माणसाला टायर बदलायची वेळ आली की त्याच्या मनात दोन गोष्टी असतात. टायर गाडीला शोभला पाहिजे आणि खिशाला परवडला पाहिजे. दोन्ही अपेक्षा रास्तच आहेत. पण टायरचा इतिहास पाहिला तर लक्षात येतं, की या दोन गोष्टींनीच माणसाला वारंवार चकवलं आहे.

आधी एक साधा हिशेब करू. पहिली मियाटा आणि तिचा चालक यांचं वजन मिळून साधारण १,०५० किलो धरा. म्हणजे एका चाकावर २६० किलोंच्या आसपास. टायरमध्ये हवा भरायची २६ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १.८ किलोचा दाब. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे १४५ चौरस सेंटिमीटर. एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग जवळपास एवढाच! आपलं टपालखात्याचं पोस्टकार्ड असतं ना, त्याहून जेमतेम थोडा मोठा. पाऊस असो, वळण असो, अचानक मारलेला ब्रेक असो, सगळी गाडी असते ती चार पोस्टकार्डांवर.

चाकाला काहीतरी गुंडाळण्याची कल्पना जुनीच. बैलगाडीच्या चाकाला लोहार लोखंडी पट्टी चढवतो, तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. तापवून लाल केलेली धाव लाकडी चाकावर बसवून वर पाणी ओततात, तेव्हा उठणारा चर्र आवाज ज्यांनी ऐकला आहे ते विसरणार नाहीत. धाव चाकाला जपते, पण आत बसलेल्याची हाडं जपत नाही. ते काम हवेने केलं. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश तरुणाने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. काळाच्या फारच पुढे होता, त्यामुळे जग त्याला विसरलं. पुढे जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच युक्ती नव्याने शोधली आणि १८८८ मध्ये पेटंट मिळवलं. थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आलं आणि डनलॉपचं रद्द झालं, पण नाव मात्र डनलॉपचंच राहिलं. मोटारीला हवेचे टायर लावून शर्यतीत उतरण्याचं धाडस केलं आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या फ्रेंच भावांनी. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस या सुमारे १,२०० किलोमीटरच्या शर्यतीत त्यांचे टायर इतक्या वेळा पंक्चर झाले की ठरलेल्या वेळेत ते पोहोचलेच नाहीत. पण हवेवर मोटार धावू शकते, एवढं सिद्ध झालं.

आता रूपाकडे वळू. टायर काळा असतो, हे आपण गृहीतच धरतो. सुरुवातीचे टायर मात्र फिकट, पांढुरके होते, कारण रबराचा मूळ रंगच तसा आणि त्यात पांढरं झिंक ऑक्साइड मिसळलेलं. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सिल्व्हरटाउनमधल्या एका कारखान्यात रबरात काजळी मिसळून पाहिली गेली. काजळीने रबर कितीतरी पट टिकाऊ होतं, असं पुढे दिसून आलं. अमेरिकेच्या गुडरिच कंपनीने ही विद्या उचलली आणि तिला काजळी पुरवू लागली बिनी अँड स्मिथ कंपनी. मुलांचे क्रेयोला रंगखडू बनवणारी तीच ही कंपनी! काही कारखानदारांनी काजळी फक्त जमिनीला घासणाऱ्या भागात घातली आणि बाजूची भिंत पांढरी ठेवली. अशी ती पांढऱ्या पट्ट्याच्या टायरांची चाल पडली. जी काटकसर होती, ती वीस-पंचवीस वर्षांत श्रीमंतीची खूण बनली.

स्पोर्ट्स कारच्या दृष्टीने खरी क्रांती झाली १९४६ साली. तोवर टायरच्या आतले दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे, फुलीसारखे घातलेले असत. हा क्रॉसप्लाय टायर. आपल्याकडचे गॅरेजवाले त्यालाच ‘नायलॉन’ म्हणत. मिशेलिनमध्ये मारियुस मिन्योल नावाचा एक कामगार होता. तो लागला होता कंपनीच्या छापखान्यात, पण त्याची हुशारी पाहून त्याला संशोधनाकडे घेतलं गेलं. त्याने दोरे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरळ आडवे नेले आणि वरून पोलादी पट्टा दिला. हाच रेडियल टायर. यात बाजूची भिंत लवचीक राहते आणि जमिनीला टेकलेला भाग सपाट राहतो. म्हणजेच वळणावर आपलं पोस्टकार्ड दुमडत नाही. इटलीच्या पिरेलीने पोलादाऐवजी कापडी पट्टा वापरून ‘चिंतुरातो’ काढला, आणि फेरारी २५० जीटी, लॅम्बॉर्गिनी ३५० जीटी यांसारख्या गाड्या त्यावर धावल्या. इंग्लंडची जग्वार ई-टाइप १९६१ मध्ये आली ती डनलॉपच्या क्रॉसप्लाय टायरांवर, पण काही वर्षांत तीही रेडियलवर गेली.

इथे जुन्या गाडीच्या मालकाने पहिला धडा घ्यायचा आहे. रेडियल आणि क्रॉसप्लाय यांची रस्त्यावरची पकड वेगवेगळी असते. पुढच्या चाकांना रेडियल आणि मागच्यांना क्रॉसप्लाय लावले, तर वळणावर पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सोडतात आणि गाडी गर्रकन फिरते. पैसे वाचवायला दोनच टायर बदलणाऱ्यांनी हे अनुभवलं आणि म्हणूनच ब्रिटनमध्ये अशी जोडी लावायला कायद्याने मनाई आहे.

अमेरिकेत रेडियल उशिरा रुजला. तिथे १९६० च्या दशकात ताकदवान, रुंद टायरांच्या गाड्यांची हवा होती. कधी टायरवर लाल रेघ, तर कधी उठावाची पांढरी अक्षरं. १९७० मध्ये गुडरिचने ‘रेडियल टी-ए’ काढला. पांढऱ्या अक्षरांचा हा टायर अमेरिकन जुन्या गाड्यांचा जणू गणवेशच झाला. दिसायला देखणा आणि किमतीला आवाक्यातला. पण त्याच दशकात दुसरी एक गोष्ट घडली. फायरस्टोन कंपनीचा ‘५००’ हा पोलादी पट्ट्याचा रेडियल वरून चांगला दिसायचा, पण आत पट्टा आणि रबर एकमेकांपासून सुटायचे. अपघात झाले, माणसं गेली. अखेर १९७८ मध्ये सुमारे १ कोटी ४५ लाख टायर परत बोलावण्याची पाळी आली. टायरचं दुखणं आत असतं, डोळ्यांना दिसत नाही, हे अमेरिकेला तेव्हा कळलं.

त्याच सुमारास अमेरिकी सरकारने टायरच्या भिंतीवर प्रतवारी छापायला लावली. पकडीसाठी अक्षर, उष्णता सोसण्यासाठी अक्षर आणि झिजेसाठी आकडा. झिजेची परीक्षा टेक्सासमधल्या सॅन अँजेलो गावाभोवती होते. सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरावीक रस्त्यावर गाड्यांचा तांडा फेऱ्या मारतो, एकूण ११ हजारांहून अधिक किलोमीटर, आणि परीक्षेचा टायर ठरवलेल्या टायरच्या तुलनेत किती झिजला ते मोजतात. आकडा १०० म्हणजे त्या टायरइतकाच टिकाऊ, २०० म्हणजे दुप्पट. अंतिम आकडा कंपनीच देते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना जपूनच करावी. पण ढोबळमानाने, मोठा आकडा म्हणजे टणक आणि दीर्घायुषी रबर, लहान आकडा म्हणजे मऊ आणि चिकट.

आणि इथेच परवडण्याचा हिशेब फसतो. माणूस ६०० आकड्याचा टायर उचलतो. म्हणतो, पैसे वसूल होतील. रोज कामावर जाणाऱ्या गाडीसाठी त्याचं बरोबरच आहे. पण रविवारची गाडी वर्षाला धावते किती? समजा, ३,००० किलोमीटर. टायर चालणार ६०,००० किलोमीटर. म्हणजे तो झिजायला वीस वर्षं लागतील! आणि रबर काही वीस वर्षं जगत नाही. अनेक मोटार कंपन्या सांगतात, सहा वर्षांनी टायर बदला. टायर कंपन्या सांगतात, काही झालं तरी दहा वर्षांपलीकडे नको. म्हणजे टिकाऊपणासाठी मोजलेले पैसे आपण वापरणारच नाही. त्याउलट २००-३०० च्या आकड्याचा मऊ टायर २५,००० किलोमीटरच चालला, तरी या गाडीला तो आठ वर्षं पुरतो आणि आठही वर्षं रस्ता घट्ट धरतो.

जुन्या स्पोर्ट्स कारचा टायर झिजून मरत नाही, तो वयाने मरतो. हवेतला प्राणवायू आणि उष्णता यांनी रबर आतून कडक होत जातं. ओझोनपासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेण घातलेलं असतं. टायर फिरताना दबतो, सुटतो आणि ते मेण हळूहळू पृष्ठभागावर येतं. गाडी उभीच राहिली की मेण वर येत नाही, भिंतीला बारीक भेगा पडतात. म्हणजे जी गाडी आपण जपून, झाकून ठेवतो, तिचेच टायर आधी म्हातारे होतात! वरून पॉलिश मारलं की भेगाही झाकल्या जातात. नक्षी शाबूत, रंग काळाभोर, आणि आत रबर मेलेलं.

यातला सर्वांत फसवा टायर म्हणजे स्टेपनी. हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो आला वेल्समधून. १९०४ मध्ये लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली, म्हणून ते चाक जगभर ‘स्टेपनी’ झालं. इंग्रजीत तो शब्द मागे पडला, आपल्याकडे राहिला. जुन्या गाडीच्या डिकीत कित्येकदा कारखान्यातून आलेलीच स्टेपनी असते. एकदाही न वापरलेली, नक्षी कोरी करकरीत. एखाद्याला वाटतं, नवाकोरा टायर फुकट का घालवा? आणि तो चढवतो.

याची किंमत काय होऊ शकते, ते इंग्लंडमध्ये दिसलं. सप्टेंबर २०१२ मध्ये संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुण मुलामुलींची बस हाइंडहेडजवळ झाडावर आदळली. पुढचा टायर फुटला होता. तिघांचा जीव गेला. त्यातला एक मुलगा होता अठरा वर्षांचा, आणि तो टायर होता एकोणीस वर्षांहून जुना. तो मुलगा जन्मण्याआधी तो टायर बनला होता! कायद्यात तेव्हा टायरच्या वयाला मर्यादाच नव्हती. त्या मुलाच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुने टायर लावायला बंदी आली. खासगी मोटारींना तो नियम नाही. तिथे ज्याची त्याची जबाबदारी.

दुसरा प्रसंग अमेरिकेतला. नोव्हेंबर २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर मित्राच्या पोर्शे करेरा जीटी गाडीत बसलेला असताना कॅलिफोर्नियात अपघातात गेला. गाडी चालवणारा मित्रही गेला. तपासात मुख्य कारण निघालं ते बेसुमार वेग, ताशी १३० ते १५० किलोमीटर. ते स्पष्ट सांगायला हवं. पण त्याच तपासात हेही नोंदवलं गेलं की गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीच्या ताब्यावर परिणाम झाला असू शकतो. लाखो डॉलरची ती गाडी, पण टायर जुने.

मग वय ओळखायचं कसं? टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनंतर आकडे असतात. शेवटचे चार पाहायचे. ‘२३१९’ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ही चार आकड्यांची पद्धत २००० सालापासूनची. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर मागच्या शतकातला समजावा आणि नमस्कार करून दूर ठेवावा. दुकानात ‘नवीन’ म्हणून विकला जाणारा स्वस्त टायर फडताळात तीन-चार वर्षं पडून आलेला असू शकतो. रविवारच्या गाडीसाठी ही चार वर्षं म्हणजे निम्मं आयुष्य. दुकानदाराने सांगितलेल्या सवलतीआधी हे चार आकडे वाचावेत.

राहता राहिलं माप. मियाटाचं मूळ माप १८५/६० आर १४. रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, आर म्हणजे रेडियल आणि रिम चौदा इंची. १९७० च्या दशकाच्या मध्यावर पिरेलीचा पी-७ हा टायर पोर्शे ९११ टर्बोला लागला. त्याची भिंत रुंदीच्या निम्मीच होती. तेव्हापासून मोठं चाक आणि बुटका टायर म्हणजे देखणेपण, असं समीकरण झालं. नव्या गाड्यांची चाकं मोठी होत गेली आणि चौदा इंची चांगले टायर बाजारातून कमी होत गेले. मियाटावाल्यांनी यावर जो तोडगा काढला, तो गणिताचा आहे. १९५/५० आर १५ हे माप घ्या. मूळ चाकाचा पूर्ण व्यास ५७७.६ मिलिमीटर, याचा ५७६. फरक दीड मिलिमीटरचा! स्पीडोमीटर चुकत नाही, टायर कुठे घासत नाही, चाक भरलेलं दिसतं आणि निवड वाढते. मात्र याहून मोठी चाकं केवळ दिसण्यासाठी चढवली, तर वजन वाढतं, भिंत आखूड होते आणि हलक्या गाडीची मूळची मऊ चाल जाते. मापापुढे ‘८२ एच’ असं काही लिहिलेलं असतं. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. मूळ टायरपेक्षा यातलं काहीही कमी घेऊ नये.

साठच्या दशकातल्या गाड्यांसाठी आता जुन्या नक्षीचे नवे रेडियलही मिळतात. डच कंपनी व्रेडेस्टाइनचा ‘स्प्रिंट क्लासिक’ हा त्यातला एक नावाजलेला टायर. आणि ही कंपनी २००९ मध्ये विकत घेतली ती आपल्या अपोलो टायर्सने. मुंबईच्या भांडुपला ज्या सिएटचा कारखाना आपण पाहत आलो, तिच्या नावातला शेवटचा टी म्हणजे इटलीतलं तोरिनो शहर. एके काळी टायरची विद्या युरोपातून इकडे आली. आता युरोपातल्या जुन्या गाडीखालच्या टायरची मालकी कधी कधी इकडे असते.

आता पुन्हा हिरोशिमाकडे. माझदा आणि ब्रिजस्टोन यांनी १९८९ चा टायर पुन्हा का बनवला? त्या टायरची नक्षी तीस वर्षांपूर्वीची, माप तेच आणि गाडीची चाल जशी होती तशी राहावी ही इच्छा. पण त्यातलं रबर? रबर ताजं होतं. कुणाच्या तरी गोदामात जपून ठेवलेले जुने टायर त्यांनी शोधून काढले नाहीत. रूप जुनं ठेवलं आणि रबर नवं घेतलं. जुन्या गाडीवर प्रेम कसं करावं, याचं एवढं चांगलं उदाहरण दुसरं नसेल.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात स्पोर्ट्स कार असेल. पण स्कूटर आहे, मोटार आहे, मुलाची मोटारसायकल आहे. आज संध्याकाळी एक करा. गाडीजवळ उकिडवे बसा, कापडाने टायरची भिंत पुसा आणि ते शेवटचे चार आकडे वाचा. झालंच तर डिकी उघडून स्टेपनीचेही वाचा.